दोन फोन आणि साळूचे एकशे नऊ धडे

सोमवारी सकाळी अकरा वाजता मला शाळेत हजर व्हायचं होतं. छत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसानं या वाक्याला घाबरू नये. पण मी गुरुवारपासूनच घाबरलो होतो. परीक्षा या वेळी माझी होती आणि उत्तरपत्रिका एका फुगलेल्या फोनात अडकली होती.

फुगलेला म्हणजे खरोखरच फुगलेला. बॅटरीनं मागचं झाकण पुरीसारखं वर उचललं होतं. फोन टेबलावर ठेवला की हळूहळू स्वतःभोवती फिरायचा आणि मग उत्तरेकडे तोंड करून थांबायचा. पडद्यावर मधोमध हिरवी रेघ आली होती. "हा फुटणार एक दिवस," आमच्या सौभाग्यवती चंद्रावती रोज म्हणायच्या आणि स्वतः मात्र पोळपाटाच्या आड उभ्या राहायच्या.

फुटला तर फुटू दे, असं म्हणता येत नव्हतं. त्यात साळू होती.

पनवेलजवळ, सुकापूरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला एक वाडी आहे. निवृत्त झाल्यापासून मी तिथल्या मुलांना शिकवायला जातो. दिवाळी झाली की वाडीतली माणसं वीटभट्टीवर जातात, मुलांनाही नेतात, आणि मे महिना संपता संपता परत येतात. मधले पाच-सहा महिने माझा वर्ग म्हणजे मी आणि फळा. गेल्या वर्षी साळूच्या बापानं, काळूनं, एक फोन घेतला आणि माझ्या डोक्यात कल्पना आली. रोज सकाळी मी धडा बोलून त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा. संध्याकाळी साळूनं तो पुस्तकातून वाचून त्याच फोनवरून मला परत पाठवायचा. साळू दहा वर्षांची. तिचं प्रत्येक रेकॉर्डिंग एकाच पद्धतीनं सुरू व्हायचं, "गुरुजी, मी साळू बोलते. आवाज येतो का?" मग धडा, मागे ट्रकचा घरघराट, एखादी कोंबडी, आणि शेवटी, "झालं. ठेवते." अशी एकशे नऊ रेकॉर्डिंगं जमली होती. नोव्हेंबरात ती "पाऊस" हा शब्द दोन तुकड्यांत वाचायची. मे महिन्यात सबंध पान एका दमात.

वाडीतली शाळा चौथीपर्यंत. पाचवीला मोठ्या शाळेत नाव घालायचं होतं. तिथल्या मुख्याध्यापिका संजना मॅडम सरळ बाई आहेत. त्यांनी साळूला वाचायला सांगितलं. साळू माणसांसमोर बोलत नाही. भिंतीकडे बघत उभी राहिली, एक अक्षर उच्चारलं नाही. मॅडम म्हणाल्या, "गुरुजी, पाच महिने मुलगी शाळेत नाही, आणि वाचूनही दाखवत नाही. पाचवीत बसवून मी तिचं नुकसान कसं करू? वर्षभर परत चौथीच करू दे."

"ती वाचते, मॅडम. माझ्याकडे पुरावा आहे," मी छाती पुढे काढून म्हणालो. "एकशे नऊ पुरावे आहेत."

"मग सोमवारी अकराला ऐकवा. दुपारी यादी बंद होईल."

साळूनं माझ्याकडे पाहिलं. तिनं तसं बघितलं नसतं, तर पुढच्या चार दिवसांत मी एवढा खुळ्यासारखा वागलो नसतो.

त्याच गुरुवारी आमच्या मुलीनं, दिपानं, बंगळूरहून कोरा करून कुरिअरनं पाठवलेला तिचा आधीचा आयफोन पोचला. माझा फुगलेला फोन अँड्रॉइडचा. तिनं बजावलं होतं, "बाबा, मी शिबिराला चालले आहे, रविवारी दुपारी मोकळी होईन. तोपर्यंत तो चालू करू नका. एका सिस्टिममधून दुसरीत चॅट नेणं सोपं नसतं. मी सांगेन तसं करा."

मी आज्ञाधारक माणूस आहे. खोकं कपाटात ठेवलं. पण शुक्रवारी सकाळी चंद्रावतीनं दिनदर्शिका पुढे धरली.

"रविवारी अमावस्या आहे."

"मग?"

"नवी वस्तू अमावस्येला चालू करणार? पोरीच्या प्रवेशाचं काम आहे त्यात! आज पूजा करून घेऊ. चालू नका करू, नुसती पूजा."

नुसती पूजा. फोन पाटावर ठेवला. अक्षता, फूल, पेढा. कुंकवाचं बोट लावताना चंद्रावतीचा अंगठा बाजूच्या बटणावर पडला आणि फोन उजळला. पडद्यावर नाना भाषांत नमस्कार उमटू लागले. तेवढ्यात आरतीच्या आवाजानं समोरचे प्रभाकर आले आणि वरच्या मजल्यावरच्या हेतलबेन आल्या.

या दोघांची ओळख करून द्यायला हवी. प्रभाकर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे आमच्या सोसायटीत फोन या विषयावर त्यांचा शब्द अखेरचा असतो. ते कट्टर अँड्रॉइडवाले. हेतलबेन घरून साड्यांचा व्यवसाय करतात आणि तितक्याच कट्टर आयफोनवाल्या. गणपतीच्या वर्गणीवरून जे दोघं कधी भांडले नाहीत, ते चार्जरवरून भांडलेले मी पाहिले आहेत.

"चालू झाला आहे ना? मग आता अर्धवट ठेवू नका," प्रभाकर म्हणाले. "लाइन अर्धी जोडून सोडली की क्रॉस कनेक्शन होतं."

"दिपानं सांगितलंय की..."

"दिपा लहान आहे हो, गुरुजी."

दिपा बेचाळीस वर्षांची आहे. पण मी आरतीचं ताट धरलेलं होतं आणि फोन प्रभाकरांच्या हातात गेला होता. त्यावर एक प्रश्न आला, अँड्रॉइडमधला मजकूर आणायचा आहे का? प्रभाकरांनी मोठ्यानं वाचला आणि स्वतःच उत्तर दिलं, "नको. नव्या घरात जुना कचरा कशाला?" आणि दाबलं.

मुलांनो, (सवय आहे, क्षमा करा) आयुष्यातले मोठे अपघात असे पेढा खाता खाता होतात.

पुढे फोननं माझा चेहरा मागितला. "चेहरा हळूहळू गोल फिरवा," हेतलबेननी वाचून दाखवलं. त्याच वेळी चंद्रावतीची आरती संपली. आरती संपली की आपण स्वतःभोवती फिरतो. छप्पन्न वर्षांची सवय. मी हात जोडले आणि जागच्या जागी संपूर्ण प्रदक्षिणा घातली. फोननं आधी माझं नाक पाहिलं, मग डावा कान, मग टक्कल.

"गुरुजी, फक्त मान! फक्त मान फिरवायची!" हेतलबेन ओरडल्या.

दुसऱ्या खेपेला फोननं मला स्वीकारलं. मग जुन्या फोनातलं सिमकार्ड हेतलबेनच्या कानातल्याच्या दांडीनं काढून नव्यात घातलं, व्हॉट्सअ‍ॅप उतरवलं, कोड टाकला. उघडलं.

आत कोणी नव्हतं. पांढरा स्वच्छ पडदा, नव्या वहीच्या पहिल्या पानासारखा. साळू नाही, एकशे नऊ धडे नाहीत.

"येतील हळूहळू," प्रभाकर म्हणाले, पण पेढा न संपवताच घरी गेले.

जुना फोन उघडला तर तो म्हणे, तुमचा नंबर आता दुसऱ्या फोनवर चालू आहे, इथे तुम्हाला प्रवेश नाही. सिम परत जुन्यात घातलं. कोड मागवला. घाईत चष्म्याशिवाय चुकीचा टाकला. पुन्हा मागवला, पुन्हा चुकला. चौथ्या वेळी फोननं सांगितलं की आता बरेच तास थांबा. विद्यार्थ्याला बाकावर उभं करतात, तसं मला त्यानं उभं केलं.

शनिवारी मी दोन्ही फोन पिशवीत घालून पनवेल स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकान नवं, थंडगार, आणि दोन काउंटर. एकावर अँड्रॉइड, दुसऱ्यावर आयफोन. मी टोकन घेऊन अँड्रॉइडच्या रांगेत पाऊण तास बसलो.

"काका, बॅटरी फुगली आहे," तिथल्या मुलीनं सांगितलं.

"ते आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे, बाळ. मला आतले धडे या फोनात न्यायचे आहेत."

"म्हणजे आयफोनमध्ये? मग ते त्या काउंटरवर."

त्या काउंटरवर नवं टोकन, नवा पाऊण तास. तिथला तरुण म्हणाला, "काका, आयफोनला काहीच झालेलं नाही. डेटा अँड्रॉइडमध्ये आहे ना? मग ते त्या काउंटरवर."

मी दोन्ही काउंटरच्या बरोबर मध्ये जाऊन उभा राहिलो. तिथे एक शोभेचं झाड होतं. "माझं काम इथलं आहे," मी म्हणालो. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी मुलीला दया आली. ती म्हणाली की बॅटरी बदलून मिळेल, पण भाग बुधवारी येईल, आणि आतला मजकूर गेला तर दुकान जबाबदार नाही, अशा कागदावर सही करावी लागेल. "आणि हा चार्जिंगला लावू नका हं, काका. पेट घेऊ शकतो."

किती चार्ज उरला आहे ते पाहिलं. एकतीस टक्के. तिथून पुढे मी माणसांच्या चेहऱ्यांऐवजी तो आकडाच बघत होतो.

संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात सभा भरली. मला काही समजेनासं झालं की मी फळ्यावर लिहितो. माझ्या घरात फळा आहे. त्यावर मधोमध रेघ मारून डावीकडे अँड्रॉइड आणि उजवीकडे आयफोन लिहिलं. दोन गोष्टींची तुलना करा, गुण दहा.

"लिहा," प्रभाकर म्हणाले. "अँड्रॉइडमध्ये कुठूनही मागे जाता येतं. बॅकचं बटण! चुकलं, दाबलं, मागे. माणसाला आणखी काय हवं?"

"आयफोनमध्ये चुकतच नाही, तर मागे कशाला जायचं?" हेतलबेन म्हणाल्या. "आणि सांगते तुम्हाला, गुरुजी, माझा फोन सहा वर्षांचा आहे, अजून नवीन अपडेट येतात. प्रभाकरभाईंचा दोन वर्षांत म्हातारा झाला."

"पण माझ्यात फायली दिसतात! फोल्डर उघडा, आवाज घ्या, कुठेही टाका. तुमच्यात सगळं कडीकुलपात."

"कुलूप आहे म्हणून तर चोर येत नाही ने!"

"मालकसुद्धा येत नाही!"

मी दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे टिपून घेत होतो. फळा भरला. पण साळू कोणत्याच रकान्यात बसत नव्हती. मी त्यांना माझ्या परीनं समजावलं, "हे बघा, दोन्ही शाळा चांगल्या आहेत. अडचण दाखल्याची आहे. मूल नव्या शाळेच्या दारात असतानाच दाखला दाखवायला हवा होता. आपण दाखल्याशिवाय आत शिरलो आणि दार लावून घेतलं."

हे बोलून झाल्यावर मी खडू खाली ठेवला. साळूचंही तसंच चाललं होतं.

तेवढ्यात दारात काळू आला. हातात पिशवीभर करवंदं. वाडीतून पायी आला होता.

"गुरुजी, दिपाताईंचा फोन आला का? साळू इचारते."

"आला रे, पण धडे त्यात जात नाहीत."

"जात नाय? मंग गुरुजी, मी काय म्हनतो..."

"काळू, तूच सांग," प्रभाकरांनी त्याला मधेच धरलं, "फोनला बॅकचं बटण हवं की नको?"

"त्याला काय विचारता?" हेतलबेन म्हणाल्या. "त्याला आधी हे दाखवा, फोटो किती छान येतो." आणि काळूला करवंदांसकट उभं करून त्याचे सात फोटो काढले. काळूनं आणखी दोनदा "गुरुजी, मी काय म्हनतो" म्हणून पाहिलं. मी म्हणालो, "सोमवारी बोलू, बाळा. आता डोकं ठिकाणावर नाही." तो करवंदं ठेवून गेला. हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो आहे. शिक्षकानं हात वर केलेल्या मुलाला बोलू दिलं नाही.

रविवारी दुपारी हेतलबेनच्या फोनवर दिपाचा व्हिडिओ कॉल आला. झालेला प्रकार ऐकून तिनं आधी डोळे मिटले.

"पूजा केलीत?"

"नुसतीच," चंद्रावती म्हणाली.

"ठीक आहे. नवा फोन पूर्ण पुसायचा, कोरा करायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचं. यावेळी प्रश्न आला की 'अँड्रॉइडमधून आणा' म्हणायचं. कोण म्हणणार?"

"मी," मी म्हणालो.

"फक्त बाबा. बाकी कुणीही हात लावायचा नाही."

शिक्षा संपून जुन्या फोनवर कोड आला आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. सगळं जागच्या जागी होतं. मी न राहवून एक दाबलं. "गुरुजी, मी साळू बोलते. आवाज येतो का?" चंद्रावतीनं पदर डोळ्यांना लावला. येतो गं, बाई, येतो. बॅटरी बावीस टक्के.

नवा फोन कोरा केला आणि दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. वधूवरांसारखे. दिपानं सांगितलेलं, मजकूर नेणारं ॲप जुन्यात उघडलं, नव्याचा कोड त्यात टाकला आणि खरोखरच एक निळी पट्टी सरकू लागली. 'पंचवीस मिनिटे शिल्लक.' खोलीत कुणी मोठ्यानं श्वास घेईना. मी पंखाही बंद केला, का ते माहीत नाही.

पट्टी अर्ध्यावर आली. बॅटरी बारा टक्के. हेतलबेन कुजबुजल्या, "पाहिलंत? आयफोन कसा शांतपणे सगळं ओढून घेतो."

"देणारा अँड्रॉइड आहे म्हणून," प्रभाकर कुजबुजले. "देणाऱ्याला जास्त काम असतं. आणि मधे काही बिघडलंच, तर त्याला मागे जाता येतं. हे बघा, असं..."

त्यांचं बोट पुढे गेलेलं मी पाहिलं. मी "प्रभाकर!" असं ओरडलोही. पण टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं काढलेलं बोट होतं ते. त्यानं बॅक दाबलं.

निळी पट्टी थांबली. जुन्या फोनच्या पडद्यावरून ते ॲप गेलं. नव्या फोननं कळवलं की काम अपुरं राहिलं.

"बाबा," पडद्यातून दिपा म्हणाली, "बॅक कुणी दाबलं?"

प्रभाकर बंद पंख्याकडे बघत राहिले.

पुन्हा सुरू करायला गेलो, तर हिरवी रेघ थरथरली, रुंद झाली आणि फोन काळा पडला. मागचं झाकण टक् करून निघालं. चंद्रावतीनं चिमट्यानं फोन उचलून गच्चीतल्या रिकाम्या कुंडीत नेऊन ठेवला. प्रभाकरांनी माझा हात धरला. "गुरुजी, मी मॅडमना येऊन सांगू का की चूक माझी आहे?" त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला रागावता येईना. हेतलबेननी त्यांना आपल्या फोनच्या बाजूनं एक शब्दही सुनावला नाही.

सोमवारी सकाळी मी नव्या फोनात सिम घातलं, व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलं. कोरं पान घेऊन मी शाळेत निघालो. गणवेश विसरलेल्या मुलाची चाल कशी असते, ते मला निवृत्तीनंतर कळलं.

काळू आणि साळू शाळेच्या पायरीवर बसून होते. साळूनं तेल लावून घट्ट वेण्या घातल्या होत्या. तिनं माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं आणि हसली. मला हसता आलं नाही.

"बोला, गुरुजी. मी ऐकायला तयार आहे," संजना मॅडम म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. अमावस्या, कुंकू, दोन काउंटर, बॅकचं बटण. बोलता बोलता मला ऐकू येत होतं की हे गृहपाठ न केलेल्या मुलाच्या सबबींसारखं वाटतंय. छत्तीस वर्षांत अशा सबबी मी हजारो ऐकल्या. एकही इतकी लांब नव्हती.

"गुरुजी, तुमच्यावर माझा विश्वास आहे," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "पण मला मुलीचं काहीतरी ऐकायला हवं ना? साळू, वाचतेस? एकच ओळ."

साळू भिंतीकडे वळली. मग तिनं बापाच्या शर्टाच्या खिशातून त्याचा तडा गेलेला फोन काढून घेतला आणि दाराबाहेर निघून गेली.

"घाबरली," मॅडम म्हणाल्या आणि यादीचा कागद पुढे ओढला. पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. कोऱ्या पानावर पहिला संदेश आला होता. काळूच्या नंबरावरून. मी दाबला.

"गुरुजी, मी साळू बोलते. आवाज येतो का? पाचवी प्रवेशासाठी लागणारी कागदपत्रे. एक, शाळा सोडल्याचा दाखला. दोन, विद्यार्थ्याची दोन छायाचित्रे. तीन, पालकांचे ओळखपत्र. पाच, रहिवासाचा पुरावा. सूचना. अपूर्ण अर्ज स्वीकारले जाणार नाहीत. आदेशावरून, मुख्याध्यापिका." जरा थांबली. मागे कोणीतरी घंटा वाजवत होतं. "गुरुजी, इथं चार नंबर नाय. तीनच्या नंतर पाचच लिवलाय. झालं. ठेवते."

मॅडम उठल्या. बाहेर गेल्या. दारातून मला दिसत होतं, त्या सूचना फलकासमोर उभ्या होत्या आणि बोटानं एकेक ओळ मोजत होत्या. साळू खांबाआड होती. मॅडम परत आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "तीन वर्षं हा फलक तिथे आहे. शिक्षणाधिकारी वाचून गेले." मग टोपण काढलेलं पेन त्यांनी यादीवर टेकवलं आणि साळूचं नाव लिहिलं. पाचवी.

मी खुर्चीच्या पाठीला हात लावून जरा उभा राहिलो.

"आनि मॅडम," काळू म्हणाला, "आदीच्या ऐकायच्या असतील तर त्या पन हायत."

"कुठे?" मी विचारलं.

"माज्या फोनात. साळूनं त्याच्यातूनच तर धाडल्या नव्हं? समद्या हायत, एकशे नऊ." त्यानं माझ्याकडे जरा संकोचानं पाहिलं. "शनवारी तेच सांगाया आलतो, गुरुजी. तुमी फळ्यावर लिवत होतात."

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. खोकला नव्हता तो.

घरी आलो तर प्रभाकर आणि हेतलबेन जिन्यातच बसलेले. फळा त्यांनी पुसला नव्हता. "झालं काम?" दोघांनी एकदम विचारलं. मी मान हलवली. चंद्रावती आतून साखर घेऊन आली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडल्यावर प्रभाकरांनी घसा साफ केला.

"मग गुरुजी, शेवटी कोणता फोन चांगला निघाला?"

"काळूचा," मी म्हणालो.

"त्याची सिस्टिम कोणती?" दोघं पुन्हा एकदम.

मी आत जाऊन डस्टर उचललं. "ते त्याला तुम्हीच विचारा," मी म्हणालो. "आणि या वेळी त्याला बोलू द्या."